सीसीआयई करायचं का? आधी पुढचं काम कोणतं हवंय ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका आयटी सर्व्हिस कंपनीच्या एनओसीमध्ये, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या विभागात, सहा वर्षं काढलेला, सध्या एल-२ वर (सपोर्टच्या दुसऱ्या पातळीवर) असलेला इंजिनिअर विचारतोय. पगार वर्षाला नऊ लाखांच्या घरात. सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटांपैकी पायाभूत सीसीएनए झालंय, मधलं सीसीएनपी अर्ध्यावर सुटलंय. एका क्लासने त्यांतलं सगळ्यांत वरचं, ‘सीसीआयई एंटरप्राइज, नोकरीच्या हमीसह’, अडीच लाखांत देऊ केलंय आणि त्यासाठी पर्सनल लोन काढायचा विचार चाललाय. घरी दोन वर्षांची मुलगी आहे. एवढा पैसा आणि वेळ घालावा का, हा क्लास लावावा का, आणि सरावाला लॅपटॉप पुरतो की सर्व्हर घ्यावा लागतो, असे तीन प्रश्न आहेत.

मी नेटवर्किंगमध्येच आहे. सुरुवात सपोर्टला झाली, पुढे एका सिस्टिम इंटिग्रेटरकडे (ग्राहकांना नेटवर्क उभारून देणाऱ्या कंपनीत) डिझाइन आणि रोलआउट केले, आणि आता बरीच वर्षं टीमसाठी मुलाखती घेतोय. सीसीआयई मी स्वतः केलंय. त्याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे कुणी विचारतही नाही, हे दोन्ही पाहिलंय. त्यामुळे ‘कराच’ किंवा ‘करूच नका’ असं एका वाक्यात सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही.

तुमचं पत्र नीट वाचलं तर त्यातली खरी अडचण सर्टिफिकेटची नाही. सहा वर्षं तिकिटं बंद करतोय, रात्रपाळ्या करतोय, बदल सुचवायला गेलं की ‘ते एल-३ बघेल’ असं उत्तर मिळतं, यातून बाहेर कसं पडायचं, हा तुमचा प्रश्न आहे. त्या वाटेवर सीसीआयई लागतं का, लागत असेल तर आत्ता लागतं का, एवढंच आपल्याला ठरवायचंय. माझं मत असं: हे सर्टिफिकेट तुमच्या कामाला खोली देतं आणि बाजारात त्या खोलीवर शिक्का मारून देतं. पण न केलेल्या कामाची भरपाई ते करत नाही. पुढच्या दोन वर्षांत तुमच्या हाताला डिझाइनचं किंवा मोठ्या मायग्रेशनचं काम लागणार असेल, तर हा खर्च वसूल होतो. एनओसीच्या त्याच खुर्चीत बसून करणार असाल, तर पास झाल्यावरही अडचण सुटलेली नसेल.

आता खर्च. सिस्कोची ही परीक्षा १९९३ पासून आहे आणि आजही तिचा गाभा प्रॅक्टिकलचाच आहे. आधी दोन तासांची कोअर परीक्षा, एनकोर, तिची फी ४०० डॉलर. ती पास झालात की आठ तासांच्या प्रॅक्टिकल परीक्षेला, म्हणजे लॅबला, बसता येतं. लॅबची फी १६०० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर दोन्ही मिळून १ लाख ८० हजार, कर वेगळा. बंगळुरूला केंद्र आहे म्हणून परदेशी जावं लागत नाही, पण जाणं-येणं आणि आदल्या दिवसापासूनचा मुक्काम आलाच. लॅब चुकली तर पुढच्या प्रयत्नाला पूर्ण फी पुन्हा भरावी लागते, आणि पहिल्याच प्रयत्नात न होणाऱ्यांची संख्या मोठी आहे. माझ्या ओळखीतले बहुतेक चांगले लोक दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी पास झाले. म्हणून बजेट बांधताना लॅबचे दोन प्रयत्न धरूनच बांधा. शिवाय सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं. ते टिकवायला त्या काळात १२० कंटिन्युइंग एज्युकेशन क्रेडिट्स जमवा किंवा पुन्हा परीक्षा द्या. हा खर्च क्लासच्या जाहिरातीत कधीच नसतो.

पैशापेक्षा वेळ जास्त लागतो. नोकरी करून तयारी करणाऱ्याला रोजचे दोन-तीन तास आणि शनिवार-रविवार धरून वर्ष ते दीड वर्ष जातं. तेही पाया पक्का असेल तर. तुमच्या घरी दोन वर्षांची मुलगी आहे. हे दीड वर्ष घरातली कामं कुणाच्या अंगावर जाणार आहेत, हे पत्नीशी आधी स्पष्ट बोलून घ्या. महिन्यांचा हिशेब मांडून बोला, ‘थोडे दिवस अॅडजस्ट कर’ एवढ्यावर सोडू नका. रात्रपाळी करून सकाळी आल्यावर लॅब लावायची म्हणत असाल, तर ते जेमतेम महिनाभर टिकतं. शिफ्ट बदलून मिळते का ते आधी बघा. माझ्या टीममधल्या ज्यांची तयारी मध्येच सुटली, त्यांतल्या बऱ्याच जणांना विषय अवघड गेला नव्हता. आठवड्याचं गणित बसत नव्हतं.

लॅबचं स्वरूपही नीट समजून घ्या, कारण त्यावरून कळतं की ही परीक्षा कोणासाठी आहे. आठ तासांचे दोन भाग असतात. पहिले तीन तास डिझाइनचे. यात राउटरला हात लावायचा नसतो. एका काल्पनिक कंपनीची कागदपत्रं, ईमेल, आकृत्या समोर येतात आणि त्यावरून निर्णय घ्यायचे असतात: या गरजेला कोणता पर्याय बसतो, का बसतो, आणि दुसरा का नाही. मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. पुढचे पाच तास प्रत्यक्ष उपकरणांवर उभारणी, दुरुस्ती आणि सुधारणा. अभ्यासक्रमात ३० टक्के राउटिंग-स्विचिंगचा पाया, २५ टक्के एसडी-ॲक्सेस आणि एसडी-वॅन (ऑफिसमधलं आणि शाखांमधलं नेटवर्क सॉफ्टवेअरने एका जागेवरून चालवणं), आणि उरलेला भाग ट्रान्सपोर्ट, सिक्युरिटी-सर्व्हिसेस आणि ऑटोमेशन यांना प्रत्येकी १५ टक्के असा वाटलेला आहे. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी ग्राहकाच्या कागदावरून नेटवर्क मांडलं नाही आणि पायथॉनची चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली नाही, त्याला ही परीक्षा जुन्या राउटिंग-स्विचिंगच्या लॅबपेक्षा परकी वाटते. एनओसीच्या कामात दुरुस्ती भरपूर होते, डिझाइन जवळपास नसतं. तुमची कमकुवत बाजू तीच असणार, आणि नोकरी बदलायलाही नेमकी तीच लागणार आहे.

सीसीआयई झालं की प्रत्येकाला एक नंबर मिळतो. बाजारात या नंबरला किंमत कोण देतं? सगळ्यात आधी सिस्कोच्या पार्टनर कंपन्या आणि सिस्टिम इंटिग्रेटर. त्यांचा दर्जा आणि निविदांमधली पात्रता यांत सर्टिफाइड माणसं मोजली जातात, म्हणून सीसीआयई असलेला माणूस त्यांना थेट धंद्याच्या कामाचा असतो. दुसरे म्हणजे टेलिकॉम, बँका आणि मोठ्या सरकारी प्रकल्पांचं काम घेणारे. निविदेत ‘एक सीसीआयई कामावर हवा’ असं लिहिलेलं असतं तेव्हा तुमचा बायोडेटा सगळ्यांत वर येतो. तिसरं, आखाती देश. दुबई-रियाधच्या इंटिग्रेटरकडे गेलेले आपल्याकडचे बरेच लोक या नंबरच्या जोरावर पहिल्या चाळणीतून पुढे गेलेत.

दुसऱ्या बाजूला, प्रॉडक्ट कंपन्या, स्टार्टअप आणि क्लाउडवरच वाढलेल्या टीम यांना या नंबरचं फारसं अप्रूप नाही. ते विचारतात: टेराफॉर्मने (कोड लिहून क्लाउड उभारायच्या साधनाने) व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधलं खासगी नेटवर्क, उभारलंय का, कंपनीच्या स्वतःच्या जागेतून क्लाउडला थेट जोडणाऱ्या डायरेक्ट कनेक्टवर बीजीपी (नेटवर्कांमधले रस्ते ठरवणारा प्रोटोकॉल) लावलंय का, लॉगमधून बिघाड शोधता येतो का. गंमत अशी की बीजीपी तिथेही लागतंच, आणि सीसीआयईची तयारी केलेला माणूस ते इतरांपेक्षा खोलात जाणतो. पण तिथे दार उघडतं ते क्लाउडच्या कामाने. तुमचं मन क्लाउडकडे ओढत असेल, तर ३०० डॉलरची एडब्ल्यूएसची (अॅमेझॉनच्या क्लाउडची) प्रोफेशनल पातळीची परीक्षा आणि हाताने केलेला एखादा खरा प्रकल्प यांतून तुम्हाला सीसीआयईपेक्षा लवकर फळ मिळेल. हे मी सीसीआयई असूनही सांगतोय, कारण गेल्या काही वर्षांत आमच्याकडून क्लाउड टीमकडे गेलेल्यांना कुणी नंबर विचारलेला मी पाहिला नाही.

आता मुलाखतीच्या टेबलावर काय घडतं ते सांगतो, कारण तिथेच सर्टिफिकेटची खरी किंमत होते. मी वर्षानुवर्षं एक साधा प्रश्न विचारतो. दोन राउटरमध्ये ओएसपीएफ (रस्त्यांची माहिती एकमेकांना देणारा प्रोटोकॉल) आहे. रात्री एका बाजूचं हार्डवेअर बदललं. सकाळी दोघांची नेबरशिप, म्हणजे जोडणी, एक्सस्टार्टमध्ये (माहितीची देवाणघेवाण सुरू होण्याच्या टप्प्यात) अडकलीय. पिंग चालतोय. काय करशील?

‘एमटीयू (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) जुळत नाही’ हे उत्तर जवळपास प्रत्येक जण देतो, कारण ते सगळ्या प्रश्नसंचांत आहे. मग मी विचारतो, पिंग चालतोय तर एमटीयूचा संशय कसा आला? पाठ केलेला माणूस इथे थांबतो. काम केलेला सांगतो, साधा पिंग १०० बाइटचा असतो, तो कुठूनही जाईल. मोठ्या आकाराचा आणि तुकडे करू नको असं सांगून मारलेला पिंग दाखव, मग बोलू. पुढचा प्रश्न: हॅलो पॅकेट जातात, शेजारी एकमेकांना दिसतात, मग इथेच का अडलं? कारण डेटाबेस डिस्क्रिप्शनच्या पॅकेटमध्ये इंटरफेसचं एमटीयू लिहिलेलं असतं, आणि समोरचं आपल्यापेक्षा मोठं असेल तर राउटर ते पॅकेट स्वीकारतच नाही. आणि शेवटचा प्रश्न: ग्राहक डाउनटाइम देत नाही, तू ‘एमटीयू-इग्नोर’ (एमटीयू तपासू नको असं सांगणारी कमांड) टाकून नेबरशिप उभी केलीस. आता काय होईल? इथे उत्तर देणारे फार थोडे उरतात. नेबरशिप हिरवी दिसेल, सगळे खूश होतील, आणि दुपारी कुठल्यातरी शाखेतून तक्रार येईल की ईमेल उघडतो पण अटॅचमेंट जात नाही. कारण दोन्ही टोकांचं एमटीयू अजूनही वेगळंच आहे, मोठी पॅकेट वाटेत पडताहेत. तो चांगला उमेदवार म्हणतो, इग्नोर टाकीन, पण चेंज रेकॉर्डमध्ये लिहीन आणि रात्रीची वेळ मागून दोन्ही बाजू सारख्या करीन.

हा शेवटचा माणूस मला हवा असतो. त्याच्याकडे नंबर असेल तर उत्तम, नसेल तरी मी त्याला घेतो. आणि नंबर असूनही दुसऱ्या प्रश्नाला गप्प बसलेले लोक मी परत पाठवलेत. त्यातले काही जण लीक झालेल्या लॅबचे वर्कबुक घोकून पास झालेले असतात, आणि ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो. ‘नोकरीच्या हमीसह’ आणि ‘खरी लॅब शिकवतो’ असं सांगणारा क्लास असेल, तर दूर राहा. ‘खरी लॅब’ म्हणजे बहुतेक वेळा बाहेर फुटलेले प्रश्न. परीक्षा देताना आपण गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. ते उघड झालं तर सिस्को सर्टिफिकेट रद्द करू शकतं आणि पुढच्या परीक्षांना बंदीही येऊ शकते. ते पकडलं गेलं नाही असं धरलं तरी, अडीच लाख भरून तुम्ही मुलाखतीतला तो दुसरा प्रश्न शिकलेले नसाल. क्लास वाईटच असतात असं मी म्हणत नाही. शिकवणारा चांगला असेल तर वर्षभराची चाचपड वाचते. फक्त पैसे भरण्याआधी दोन गोष्टी करा. शिकवणाऱ्याचा नंबर आणि त्याचं प्रत्यक्ष प्रकल्पातलं काम विचारा, आणि एक सेशन बसून बघा की तो कमांड सांगतोय की ती तिथे का टाकायची ते सांगतोय. हमीची अटही लेखी मागा. कोणती नोकरी, कुठे, किती पगाराची, मिळाली नाही तर फी परत का? याचं लेखी उत्तर जो देत नाही, त्याच्या हमीवर कर्ज काढू नका.

आणि कर्जाचंच म्हणाल तर, परीक्षेसाठी पर्सनल लोन मला तुमच्या परिस्थितीत अजिबात पटत नाही. नऊ लाखांच्या पगारात घरभाडं, मुलीचा खर्च आणि त्यावर हा हप्ता, आणि परीक्षा पहिल्यांदा चुकली तर दुसऱ्या फीसाठी पुन्हा ओढाताण. दडपणाखाली लॅबमध्ये माणूस साधे प्रश्न चुकतो. त्याऐवजी कंपनीला विचारा. सर्व्हिस कंपन्यांत सर्टिफिकेशनचा खर्च परत देण्याची सोय बहुधा असते, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही. बदल्यात बाँड देतील. तो सही करण्याआधी तीन ओळी वाचा: नापास झाल्यास पैसे कोणाचे, बाँडचा काळ किती, आणि मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने वसुली की सगळी रक्कम. शेवटच्या मुद्द्यावर लोक फसतात. वीस महिने काम करूनही सगळी रक्कम भरायला लावणारे करार मी पाहिलेत.

मग नेमकं करायचं काय? सुदैवाने आता ही परीक्षा टप्प्याटप्प्याने देता येते. २४ फेब्रुवारी २०२० पासून सिस्कोने रचना बदलली आणि एनकोर ही एकच परीक्षा सीसीएनपी आणि सीसीआयई दोघांचीही पहिली पायरी झाली. एनकोर पास झालात, त्यात ३०० डॉलरची एनार्सी ही राउटिंगची पुढची परीक्षा पास झालात की सीसीएनपी एंटरप्राइज हातात. म्हणजे सात-आठ महिन्यांत, लॅबच्या अर्ध्याहूनही कमी खर्चात, तुमचं सुटलेलं काम पूर्ण होतं आणि पुढे सीसीआयईच्या लॅबचा रस्ताही उघडा राहतो. तिथे थांबायचं ठरवलं तरी भरलेला पैसा वाया जात नाही. मी तुमच्या जागी असतो तर सीसीआयईचा निर्णय आज घेतला नसता. एनकोर संपेपर्यंत तो पुढे ढकलला असता.

आणि त्या सात-आठ महिन्यांत एक काम समांतर करा, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. एनओसीमधून इम्प्लिमेंटेशन किंवा एल-३ कडे जायचा प्रयत्न सुरू करा. तुमच्याच कंपनीत एसडी-वॅनचा रोलआउट चालू असेल तर त्यात एखाद्या शाखेचं कटओव्हर (जुन्यावरून नव्या नेटवर्कवर नेण्याचं काम) मागून घ्या, रात्रीचं असलं तरी. बदलाचा आराखडा, परत मागे येण्याचा आराखडा आणि कटओव्हरनंतर तपासायच्या गोष्टी स्वतः लिहा, आणि वरिष्ठाला दुरुस्त करायला सांगा. असे चार-पाच आराखडे लिहिलेत की लॅबमधला डिझाइनचा भाग परका राहणार नाही. बायोडेटातही ‘तिकिटे हाताळली’ याच्या जागी ‘अमुक शाखांचं मायग्रेशन केलं’ असं लिहिता येईल. इंटिग्रेटरकडे जायला एवढं आणि सीसीएनपी पुरतं. एकदा तिथे गेलात की सीसीआयईची गरज तुमच्याइतकीच तुमच्या मालकालाही असते, आणि लॅबची फी तोच भरतो. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी नंबर आणि मग काम, की लोक अडकतात. एल-२ चा अनुभव आणि सीसीआयईचा नंबर असा बायोडेटा समोर आला की मुलाखत घेणारा बिचकतो: एल-३ चा पगार द्यावा तर काम केलेलं नाही, एल-२ चा द्यावा तर हा थांबणार नाही.

एक अपवाद आहे. तुम्हाला या विषयाचीच मनापासून ओढ असेल, रात्री अकराला बीजीपीचं कम्युनिटी टॅग का चालत नाही हे शोधताना वेळेचं भान राहत नसेल, तर पैशाचा हिशेब थोडा बाजूला ठेवून करा. आठ तासांच्या त्या लॅबसाठी केलेल्या अभ्यासाने मला जे शिकवलं, ते दुसऱ्या कशानेही शिकवलं नसतं. एखादा बिघाड समोर आला की आधी कमांड न आठवता आधी पॅकेट कुठून कुठे जातंय ते डोळ्यांसमोर येतं, ही सवय त्यातून लागली आणि आजही रोज कामाला येते. ती सवय लागायला पास व्हावंच लागतं असं नाही. माझ्या टीममध्ये लॅब न दिलेले पण तयारी पूर्ण केलेले दोघे आहेत, आणि अवघड केस मी त्यांच्याकडेच देतो.

आता तिसरा प्रश्न, लॅपटॉपचा. एनकोर आणि एनार्सीसाठी १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. सिस्कोचं स्वतःचं सीएमएल हे आभासी नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर वापरा: पाच नोडपर्यंतची (नोड म्हणजे एक उपकरण) आवृत्ती फुकट आहे, आणि वीस नोडची वैयक्तिक आवृत्ती वर्षाला १९९ डॉलरला मिळते. ईव्ह-एनजी आणि जीएनएस-३ ही तशीच फुकट साधनंही चांगली आहेत, फक्त त्यात उपकरणांच्या सॉफ्टवेअरच्या इमेज कुठून आणताय याची काळजी घ्या. ऑटोमेशनसाठी सिस्कोच्या डेव्हनेट सँडबॉक्सवर फुकट उपकरणं मिळतात, तिथे पायथॉन आणि रेस्टकॉन्फ (उपकरणांना प्रोग्राममधून सूचना द्यायची पद्धत) यांचा सराव होतो. एसडी-वॅन घरी उभारायचं म्हटलं की रॅम कमी पडते, कारण त्याचं नियंत्रण करणारं सॉफ्टवेअर, मॅनेजर, एकटाच १६ ते ३२ जीबी खातो. त्या टप्प्यावर ६४ किंवा १२८ जीबीचा जुना सर्व्हर घेतला तरी चालतो, पण बाल्कनीत ठेवू नका आणि विजेचं बिल धरून हिशेब करा. एसडी-ॲक्सेस मात्र घरी उभं करायच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी लॅबची तारीख घेतल्यावर शेवटचे दोन-तीन महिने उपकरणांचा रॅक भाड्याने घ्या. आज यातलं फक्त फुकटचं सीएमएल उतरवून घ्या, दोन राउटर जोडा, एका बाजूचं एमटीयू १४०० करा आणि मुलाखतीतले ते तिन्ही प्रश्न स्वतः घडवून बघा. आउटपुट पाठवलंत तर मी बघून सांगेन.